दुब्रोव्हनिकमध्ये पायी फिरताना
क्रोएशियातल्या दुब्रोव्हनिकचं जुनं शहर गाइडबरोबर बघणार असाल, तर सकाळचा पहिला टूर घ्या. क्रूझची गर्दी उतरली की ‘पिले’ नावाच्या वेशीच्या दरवाजातून आत शिरायलाच वेळ जातो. गुळगुळीत तळव्याच्या चपला नकोत. स्त्रादुन या मुख्य रस्त्याच्या चुनखडीच्या फरश्या पायांनी घासून घासून कोरड्या असतानाही चकाकतात. पावसात तर सरळ घसरगुंडीच. पाण्याची बाटली दरवाजाजवळच्या ओनोफ्रियोच्या कारंज्यावर भरा, पाणी पिण्याजोगं आहे. स्पोंझा राजवाडा मात्र घाईत उरकू देऊ नका. १६६७च्या भूकंपातून वाचलेल्या मोजक्या इमारतींपैकी तो एक. रस्त्यालगतची एकसारखी घरं त्यानंतरची. तटबंदीचं तिकीट टूरमध्ये धरलंय का, हे आधीच विचारा. तटबंदीवरची ती फेरी जवळपास दोन किलोमीटरची आहे, पायऱ्या भरपूर आणि सावली नावापुरती.