‘आय७’ वाचून पैसे मोजू नका: जुना कॉम्प्युटर नव्या भावात घेताना होणाऱ्या चुका

गेल्या जुलैत एक गृहस्थ लॅपटॉपची बॅग छातीशी धरून माझ्या दुरुस्तीच्या दुकानात आले. मुलीला इंजिनिअरिंगला प्रवेश मिळाला होता आणि तिच्यासाठी पंधरा दिवसांपूर्वीच त्यांनी ४६ हजारांना तो घेतला होता. “आय सेव्हन आहे हो, पण चालू व्हायलाच चार मिनिटं लागतात. व्हायरस बसलाय का, जरा बघा.”

मी उघडून पाहिला. वरून पुसून चकचकीत केलेला, कीबोर्डवर पारदर्शक कव्हर, कडेला निळं स्टिकर. मशीनवर किती ताण आहे ते दाखवणाऱ्या विंडोजच्या टास्क मॅनेजरमध्ये परफॉर्मन्सवर गेलो तर डिस्क १०० टक्क्यांवर अडकलेली आणि प्रोसेसरच्या पानावर नाव: आय७-७५००यू. व्हायरस नव्हता. हा प्रोसेसर २०१६ साली बाजारात आला आणि त्याला कोअर, म्हणजे प्रत्यक्ष काम करणारे भाग, दोनच आहेत. तळाचा सिरियल नंबर कंपनीच्या साइटवर टाकला, तर वॉरंटी २०१८ मध्येच संपलेली.

हे सांगितल्यावर ते काहीच बोलले नाहीत. खिशातून बिल काढलं, उलगडून काउंटरवर ठेवलं. त्यावर एवढंच लिहिलेलं: “लॅपटॉप आय७, ८ जीबी, १ टीबी.”

प्रवेशाच्या दिवसांत आणि दिवाळीनंतर हे प्रकार हमखास येतात, आणि दर वेळी मला तितकाच राग येतो. जुना माल विकण्यात गैर काही नाही. तो जुना म्हणून सांगावा आणि जुन्या भावात द्यावा. पण आयुष्यात एकदाच लॅपटॉप घेणाऱ्या माणसाला नवा म्हणून तो गळ्यात मारणं, ही सरळ फसवणूक आहे.

पहिली चूक: नाव वाचणं आणि आकडा सोडणं

आय३, आय५, आय७ ही इंटेल कंपनीच्या प्रोसेसरांची एकाच पिढीतली उतरंड आहे. पिढी बदलली की तिला अर्थ उरत नाही. २०२२ चा साधा आय३-१२१५यू वरच्या त्या आय७ ला सहज मागे टाकतो, कारण त्याला सहा कोअर आहेत. २०१७ मध्येच इंटेलने आय५-८२५०यू मध्ये चार कोअर दिले होते. म्हणजे त्या काळातसुद्धा एका वर्षात आय५ ने आदल्या पिढीच्या आय७ ला गाठलं होतं.

आडव्या रेघेनंतरचा आकडा बघायचा. तो १ ने सुरू होत असेल तर पहिले दोन अंक म्हणजे पिढी: १११५जी४ अकरावी, १२३५यू बारावी, १३४२०एच तेरावी. २ ते ९ पैकी अंकाने सुरू होत असेल तर तो पहिला अंकच पिढी: ७५०० सातवी, ८२५० आठवी. शेवटचं अक्षरही वाचा. यू म्हणजे कमी वीज खाणारा, एच म्हणजे जास्त ताकदीचा आणि जास्त तापणारा.

दुकानदार “आय सेव्हन, लेटेस्ट आहे साहेब” म्हणाला की मॉडेल नंबर कागदावर लिहून मागा. लिहून द्यायला जो टाळाटाळ करतो, त्याच्याकडून घेऊ नका.

दुसरी चूक: नवा आकडा म्हणजे नवा माल, असं धरून चालणं

इथे जाणकारही फसतात, कारण हा गोंधळ खुद्द कंपन्यांनी घातलेला आहे. इंटेलची स्पर्धक कंपनी एएमडी, तिचा रायझन ५ ७५२०यू हा प्रोसेसर घ्या. ७००० मालिकेतला म्हटल्यावर कोणालाही ताजा वाटेल. प्रत्यक्षात आतले कोअर झेन २ चे, म्हणजे २०१९ च्या रचनेचे आहेत आणि ते चारच आहेत. या मालिकेत तिसरा अंक बघायचा: २ असेल तर झेन २, ३ असेल तर झेन ३, ४ असेल तर झेन ४. ७५२०यू आणि ७५३०यू यांत फरक एका अंकाचा, पण दुसऱ्याला सहा कोअर आहेत. शिवाय ७५२०यू च्या लॅपटॉपमध्ये रॅम बोर्डावरच डकवलेली असते. आठ जीबी घेतली तर कायम आठच.

इंटेलने २०२४ च्या सुरुवातीला ‘आय’ काढून टाकला आणि कोअर ५ १२०यू सारखी नावं आणली. आत जवळपास तोच २०२३ चा तेराव्या पिढीचा आय५-१३३५यू आहे, वेग किंचित वाढवलेला. लॅपटॉप वाईट नाही, रोजच्या कामाला उत्तम आहे. पण “नवी सिरीज” म्हणून वर चार-पाच हजार मागितले तर देऊ नका.

महागड्या ब्रँडचं नाव असलं की माल ताजा असतो, हा समजही सोडा. ॲपलचा २०१७ चा मॅकबुक एअर जुलै २०१९ पर्यंत विक्रीला होता. त्यात पाचव्या पिढीचा दोन कोअरचा आय५ आणि १४४०×९०० चा पडदा होता, आणि तोवर त्याहून कमी भावात उजवा पडदा असलेले कितीतरी लॅपटॉप मिळत होते. २०१४ चा मॅक मिनी ऑक्टोबर २०१८ पर्यंत तसाच विकला गेला. कंपनी मोठी असली तरी मॉडेल कोणत्या वर्षाचं, हा प्रश्न विचारायचाच.

तिसरी चूक: ‘गेमिंग पीसी, आय७, १६ जीबी, ४ जीबी ग्राफिक्स’

ऑनलाइन अशा जाहिरातींचा पूर आहे. रंगीत दिव्यांचं कॅबिनेट, काचेची बाजू, पंखे फिरतायत. काच काढली की आत एच६१ चिपसेटचा बोर्ड, डीडीआर३ रॅम आणि आय७-२६०० किंवा ३७७० निघतो, म्हणजे २०११-१२ चा माल. बोर्ड खरंच नवा असतो, आजही बनतात ते. पण त्यावरची प्रोसेसर बसवायची जागा पंधरा वर्षांपूर्वीच्या प्रोसेसरची आहे. उद्या प्रोसेसर बदलायचा तर बोर्ड आणि रॅमही बदलावी लागते, हाती उरतं ते कॅबिनेट.

आणि ते ४ जीबी ग्राफिक्स? बहुतेक वेळा जीटी ७३०, २०१४ चं कार्ड. ग्राफिक्स कार्डची ताकद त्याच्या चिपमध्ये असते, किती जीबी आहे हे दुय्यम आहे. मुलगा आठवीत असतो, पैसे साठवलेले असतात, वाढदिवसाला पीसी येतो आणि त्याला हवा असलेला खेळ उघडतच नाही. त्या मुलाचा चेहरा मी बघितलाय. तेवढ्याच पैशांत साधं काळं कॅबिनेट आणि चार कोअरचा आय३-१२१०० घेतला असता, तर पुढे ग्राफिक्स कार्ड टाकायची वाट मोकळी राहिली असती.

बारीकसारीक, पण महाग पडणाऱ्या

“१ टीबी” ऐकून हुरळून जाऊ नका. फिरत्या तबकडीच्या हार्ड डिस्कपेक्षा ५१२ जीबीची एसएसडी (फिरता भाग नसलेली वेगवान डिस्क) कितीतरी बरी. ६४ जीबीच्या ईएमएमसीवर, म्हणजे बोर्डावरच्या स्वस्त आणि मंद साठवणुकीवर, विंडोज चालवणं म्हणजे रोजचा छळ आहे. १३६६×७६८ चा पडदा आज कोणत्याही भावात नको.

खोक्यावरचं लेबल वाचा. पॅकबंद मालावर उत्पादनाचा महिना आणि वर्ष छापणं २०११ च्या नियमांनुसार बंधनकारक आहे. ऑनलाइन पानावर ते दिसेलच असं नाही, म्हणून डिलिव्हरी आल्यावर सील फोडायच्या आधी लेबलचा फोटो काढून ठेवा.

विंडोज ११ चालू आहे म्हणजे मशीन नवं, असंही नाही. मायक्रोसॉफ्टच्या यादीत ढोबळमानाने इंटेलची आठवी पिढी आणि रायझन २००० मालिकेपासून पुढचे प्रोसेसर आहेत, शिवाय टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय लागते. ही तपासणी चुकवून जुन्या मशीनवर विंडोज ११ टाकता येतं आणि विकणारे टाकतातही. पुढच्या मोठ्या अपडेटला ते अडतं, आणि विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपलेला आहे.

घेऊन बसलाच असाल तर

आधी टास्क मॅनेजर बघा. डिस्क सतत १०० टक्के असेल तर एसएसडी टाका; जुन्या मशीनला एवढ्या पैशांत दुसरा कोणताही इलाज इतका लागू पडत नाही. रॅमची एकच पट्टी असून दुसरा खाच रिकामा असेल तर तिथे तितक्याच जीबीची दुसरी टाका. अंगभूत ग्राफिक्सला त्याने चांगला हात मिळतो. लॅपटॉप तापून मंदावत असेल तर पंख्यातली धूळ काढून थर्मल पेस्ट बदलून घ्या. प्रोसेसर विंडोज ११ च्या यादीबाहेरचा असेल तर विंडोजऐवजी लिनक्स मिंट ही फुकट मिळणारी ऑपरेटिंग सिस्टीम टाकून ब्राउझर आणि लिखाणाची कामं अजून काही वर्षं निभावतात. पण कॉलेजात विंडोजचंच सॉफ्टवेअर लागत असेल, तर आणखी पैसे ओतू नका.

मग पैसेच परत मागा. जुना किंवा दुरुस्त केलेला माल नवा म्हणून विकणं ही २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार अनुचित व्यापारी प्रथा आहे, आणि बिल न देणं हीसुद्धा. १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवता येते. त्याने भागलं नाही तर जिल्हा ग्राहक आयोग आहे. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तिथे शुल्क नाही आणि दोन वर्षांची मुदत असते. बिल, सिरियल नंबरचा स्क्रीनशॉट आणि दुकानदाराशी झालेलं व्हॉट्सॲपचं बोलणं, तिन्ही जपून ठेवा.

त्या गृहस्थांच्या कामी व्हॉट्सॲपच आलं. विक्रेत्याने तिथे “ब्रँड न्यू, लेटेस्ट मॉडेल” असं लिहिलं होतं. तो मेसेज, वॉरंटीचा स्क्रीनशॉट आणि १९१५ वरचा तक्रार क्रमांक घेऊन बापलेक दोघं दुकानात गेले. तासभर वादावादी झाली, पण पूर्ण पैसे परत मिळाले. चार दिवसांनी दुसऱ्या दुकानातून मुलीचाच फोन आला: “काका, आय५-१२४५०एच. पहिले दोन अंक बारा. खोक्यावर याच वर्षाचा मार्च आहे. घेऊ ना?”