आई-बाबांना गलीना दाखवायचं असेल तर

शिकागोच्या उंच इमारती बघून झाल्या की तिसऱ्या दिवशी आमचे बाबा विचारतात, "इथं गावं नसतातच का गं?" त्यांना इलिनॉय राज्याच्या वायव्य कोपऱ्यातल्या गलीना गावाला न्यावं. वस्ती साडेतीन हजारांच्या आत, शिकागोपासून साधारण १६० मैल. तिथं प्रवासी रेल्वे जात नाही, गाडीच काढावी लागते. सकाळी सातला निघा. लीना गावापासून मोठा रस्ता सोडून स्टेजकोच ट्रेल धरा. इलिनॉय म्हणजे ताटासारखं सपाट, पण हिमयुगात जमीन सपाट करणाऱ्या हिमनद्या या कोपऱ्यावरून फिरल्या नाहीत, त्यामुळे इथं चढउतार शिल्लक आहेत. आईला वळणं लागतात, म्हणून आवळासुपारी हाताशी ठेवा.

सगळे थेट मेन स्ट्रीटवरच्या दुकानांत घुसतात. तसं करू नका. नदीच्या अलीकडे जुनं रेल्वे स्टेशन आहे, तिथं गाडी लावा आणि आधी नदी बघा. आमचे बाबा मध्य रेल्वेतून निवृत्त झालेले, ते म्हणाले, "हा तर ओढा आहे!" पण याच ओढ्यातून एके काळी मिसिसिपीच्या आगबोटी गावात यायच्या. गलीना हे शिशाच्या खनिजाचंच नाव. १८४५ च्या सुमारास अमेरिकेतलं बहुतेक शिसं याच परिसरातून निघायचं. खाणी खणल्या, भट्ट्यांसाठी जंगल तोडलं, माती वाहून आली आणि नदी गाळानं भरली. त्यात १८५४ मध्ये रेल्वे आली आणि व्यापार पुढं निघून गेला. "म्हणजे आमच्या रेल्वेनं गाव बुडवलं," बाबा म्हणाले. अर्धं खरं आहे. पण पैसा आटला म्हणून जुनं पाडून नवं बांधायला कुणी धजावलं नाही, आणि म्हणून आज बघायला गाव उरलं.

स्टेशनापासून वर चढावर युलिसिस ग्रँट यांचं विटांचं घर आहे. चालत नका नेऊ, गाडीनं जा. उघडण्याचे वार आदल्या दिवशी बघून घ्या. १८६० मध्ये हा माणूस इथं वडिलांच्या चामड्याच्या दुकानात काम करायला आला, पुढच्या वर्षी अमेरिकेच्या यादवी युद्धावर गेला आणि १८६५ मध्ये सेनापती होऊन परतला, तेव्हा गावकऱ्यांनी त्याला हे घर भेट दिलं. पुढं तो राष्ट्राध्यक्ष झाला. आईला यातलं काही विशेष वाटलं नाही. हाच ग्रँट १८७९ मध्ये जगाच्या सफरीवर असताना मुंबईला आला होता, असं सांगितल्यावर मात्र ती परत आत जाऊन त्याची खुर्ची बघून आली.

मग खाली येऊन पादचारी पुलावरून मेन स्ट्रीटला जा. वाटेत पुराचे अजस्र दरवाजे लागतात, ते चुकवू नका. पुढं डिसोटो हाउस हॉटेल आहे, १८५५ चं. १८५६ मध्ये लिंकन त्याच्या सज्जातून बोलले होते. हॉटेल तेव्हा पाच मजली होतं. गिऱ्हाईक आटल्यावर १८८० मध्ये वरचे दोन मजले उतरवले. जवळच्या टपाल कचेरीच्या बांधकामावर एली पार्कर हे सेनेका जमातीतले अभियंते देखरेख करत. ग्रँटशी त्यांची ओळख याच गावातली. यादवी युद्धाच्या शेवटी ॲपोमॅटॉक्सला दक्षिणेचे सेनापती ली ग्रँटना शरण आले, त्या शरणागतीच्या अटींची पक्की प्रत पार्कर यांच्याच हातची.

वरच्या गल्लीत जायला पायऱ्याच पायऱ्या आहेत. आमच्या आईचे गुडघे दुखत असल्यामुळे आम्ही तो नाद सोडला, तुम्हीही सोडा. फज आणि पॉपकॉर्न जागोजागी मिळतं, पोटभर शाकाहारी जेवण मात्र शोधावं लागतं. दशम्या आणि चटणी घरून न्या. नदीकाठच्या बागेत बसून खाता येतं.

परतताना वीस नंबरच्या रस्त्यालगत हॉर्सशू माउंडवर थांबा. वरून इलिनॉय, आयोवा आणि विस्कॉन्सिन अशी तिन्ही राज्यं दिसतात. अंधाराआधी तिथून निघा, तिन्हीसांजेला या रस्त्यावर हरणं आडवी येतात.