पल्स्ड पॉवरमध्ये नव्याने येणाऱ्यांसाठी : आधी शून्य मोजा

जळगाव, धुळे, नंदुरबारकडची अभियांत्रिकीची मुले-मुली मला वरचेवर विचारतात, की पल्स्ड पॉवरच्या, म्हणजे साठवलेली विद्युत ऊर्जा अत्यल्प काळाच्या झटक्यात (पल्समध्ये) सोडण्याच्या तंत्राच्या, प्रकल्पासाठी कॉइलगन (तारेच्या वेटोळ्यातल्या चुंबकीय क्षेत्राने धातूचा तुकडा फेकणारे यंत्र) घ्यावी, मार्क्स जनरेटर (उच्च व्होल्टेजचे झटके देणारे मंडल, म्हणजे सर्किट) घ्यावा की टेस्ला कॉइल (उच्च वारंवारतेचे उच्च व्होल्टेज देणारा ट्रान्सफॉर्मर). माझे उत्तर प्रत्येक वेळी एकच असते : यंत्र कोणतेही घ्या, पण ते काय करते हे कशाने मोजणार, ते आधी ठरवा. उच्च व्होल्टेजच्या पल्स तंत्रात यंत्र बांधणे तुलनेने सोपे असते. त्यातून नेमकी किती ऊर्जा बाहेर पडली, हे दुसऱ्याला पटेल अशा खात्रीने सांगणे फार कठीण असते, आणि माझ्या उमेदीच्या काळाचा मोठा वाटा याच कठीण भागाने घेतला.

मी यावल तालुक्यातली. आमच्याकडे केळीचा घड कापल्यावर उरणाऱ्या खोडांचे काय करायचे, हा प्रत्येक शेतकऱ्याचा प्रश्न आहे. वनस्पतीच्या ऊतीला विद्युत क्षेत्राचे अत्यल्प काळाचे झटके दिले की पेशींच्या पटलांना छिद्रे पडतात आणि आतला रस सुटणे सोपे होते, हे तत्त्व जगभर अभ्यासले गेले आहे. त्यासाठी सेंटिमीटरला साधारण १ किलोव्होल्ट एवढे क्षेत्र पुरते, तर रसातले जीवाणू मारायचे असतील तर २० ते ४० किलोव्होल्टपर्यंत जावे लागते. खोडाच्या तुकड्यांवर हे झटके देणारे यंत्र, हा माझा प्रकल्प होता.

शोध कुठे लागू शकतो, याबद्दल नवख्यांच्या मनात मोठा गैरसमज असतो. समांतर भारित (चार्ज) केलेले कपॅसिटर स्पार्क गॅपमधून, म्हणजे ठिणगी पडली की वाहू लागणाऱ्या फटीतून, एकसरीत जोडून व्होल्टेज वाढवण्याची रचना एर्विन मार्क्स यांनी १९२४ च्या सुमारास मांडली. टेस्ला कॉइल १८९१ ची आहे. अ‍ॅलन ब्लमलाइन यांच्या नावाने ओळखली जाणारी पल्स-फॉर्मिंग लाइन (पल्सला ठरावीक आकार देणारी रचना) दुसऱ्या महायुद्धातल्या रडारच्या कामातून आली, आणि १९६० च्या दशकात ब्रिटनमध्ये ऑल्डरमास्टन येथे चार्ली मार्टिन यांच्या गटाने हे सारे एकत्र आणून आजच्या पल्स्ड पॉवर शास्त्राचा पाया घातला. या मूळ मंडलांवरचे पेटंट केव्हाच संपले असून ती सर्वांना खुली आहेत. म्हणून 'मी नवा मार्क्स जनरेटर शोधला' असे सांगत येणाऱ्या विद्यार्थ्याला मी स्पष्टपणे थांबवते. नवेपण सापडते ते स्विचमध्ये, इन्सुलेशनमध्ये, नियंत्रणात आणि सर्वांत जास्त भारामध्ये (लोडमध्ये), म्हणजे त्या पल्सने तुम्ही कोणते काम करून घेता यामध्ये. ही निराश होण्याची बाब नाही. केळीचे खोड, कपाशीची सरकी किंवा तापीकाठच्या गावांचे पाणी यांवर पल्सचा काय परिणाम होतो, हे मोठ्या शहरातल्या प्रयोगशाळेपेक्षा तुम्हाला अधिक जवळून तपासता येते.

आता ज्या सापळ्यासाठी हे लिहिते आहे, त्याकडे वळते. समजा १ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर १० किलोव्होल्टवर भारित केला, तर त्यात ५० जूल ऊर्जा साठते. मंडलाचे एकूण इंडक्टन्स, म्हणजे प्रवाहातल्या बदलाला विरोध करण्याचा गुण, १ मायक्रोहेन्री असेल, तर स्विच जोडला जाताच प्रवाह मायक्रोसेकंदाला सुमारे १० किलोअँपिअर या वेगाने वाढू लागतो आणि दीड मायक्रोसेकंदात शिखर गाठतो. साध्या सरळ तारेचे इंडक्टन्स मिलिमीटरमागे ढोबळमानाने १ नॅनोहेन्री असते, म्हणजे १० सेंटिमीटर अर्थिंगच्या तारेचे सुमारे १०० नॅनोहेन्री झाले. एवढ्या वेगाने बदलणारा प्रवाह त्या तारेतून गेला की तिच्या दोन टोकांमध्ये १,००० व्होल्टचा फरक उभा राहतो. तीच तार अडीच चौरस मिलिमीटरची तांब्याची असेल, तर निव्वळ रोधामुळे १० किलोअँपिअरला जेमतेम ७ व्होल्ट पडतील. मल्टिमीटर ज्या तारेला 'शून्य ओहम' म्हणतो, ती पल्सच्या क्षणी शून्य नसते. तुमचा प्रोब (मोजणीची सळई) आणि स्कोप (संकेताचा आलेख दाखवणारा ऑसिलोस्कोप) त्या तारेच्या वेगवेगळ्या टोकांना जोडलेले असतील, तर पडद्यावर दिसणारा आलेख भाराचा नसून तुमच्या अर्थिंगचा असतो.

तो आलेख दिसायला अत्यंत सुबक असतो, आणि सारी अडचण तिथेच आहे. तो खराखुरा वाटतो, प्रत्येक शॉटला (कपॅसिटर एकदा मोकळा केला की) तसाच येतो आणि व्होल्टेज वाढवले की वाढतो. माझ्या मंडलात भारात गेलेली ऊर्जा कपॅसिटरमध्ये साठवलेल्या ऊर्जेपेक्षा जास्त दिसत होती. ज्येष्ठांपैकी एकांनी तो आकडा पाहून प्रकल्प स्पर्धेसाठी नाव नोंदवण्याचा आग्रह धरला, आणि त्या आग्रहापुढे शंका बोलून दाखवणे मला जड गेले. अर्धा गुणिले कपॅसिटन्स गुणिले व्होल्टेजचा वर्ग ही कमाल मर्यादा आहे. तिच्या वर गेलेला आकडा शोध नसतो, मोजमापातला दोष असतो. असे आकडे मिरवणारे 'फ्री एनर्जी'चे व्हिडिओ पाहून कामाला लागलेली मुले मी पाहिली आहेत आणि त्यांची गेलेली वर्षे पाहून मला मनापासून वाईट वाटते.

यावरचा उपाय साधा आहे, पण तो कोणी सक्तीने करून घेत नाही. प्रोबचे टोक आणि त्याची अर्थिंगची चिमटी भाराच्या जागीच एकमेकांना जोडा आणि पूर्ण व्होल्टेजवर शॉट घ्या. इथे खरे उत्तर शून्य आहे, म्हणून पडद्यावर जे उमटेल ते सगळे खोटे. ते मूळ संकेताच्या तुलनेत नगण्य झाल्याशिवाय पुढचे एकही मापन वहीत उतरवू नका. प्रवाह मोजण्यासाठी १९१२ पासून वापरात असलेली रोगोव्स्की कॉइल (तारेभोवती बसवायचे प्रवाहमापक वेटोळे) घेतली असेल, तर ती उलटी करून तारेवर बसवा : आलेख हुबेहूब उलटा झाला पाहिजे. जेवढा भाग उलटला नाही, तेवढा बाहेरून शिरलेला आहे. त्यानंतर जाणारी आणि परत येणारी अशा दोन्ही तारा एकाच कॉइलमधून ओवून शॉट घ्या, पुन्हा शून्य यायला हवे. व्होल्टेज आणि प्रवाह मोजणाऱ्या दोन्ही कोॲक्सिअल केबल (मधल्या तारेभोवती जाळीचे आवरण असलेल्या केबल) समान लांबीच्या ठेवा, कारण नेहमीच्या कोॲक्सिअल केबलमध्ये संकेताला मीटरमागे सुमारे ५ नॅनोसेकंद लागतात. तीन मीटरच्या फरकाने येणारी १५ नॅनोसेकंदांची तफावत १०० नॅनोसेकंदांच्या पल्सच्या ऊर्जेचा हिशेब पार बिघडवून टाकते.

एवढे करूनही मी शेवटचा विश्वास ठेवते तो थर्मामीटरवर. भाराच्या जागी पाण्यात बुडवलेला रोध लावून ५० जूलचे २० शॉट दिले, तर १,००० जूल होतात आणि १०० ग्रॅम पाण्याचे तापमान साधारण २.४ अंशांनी वाढायला हवे. पात्र नीट झाकलेले असावे आणि तापमान शॉट थांबल्यावर वाचावे. काही ऊर्जा स्पार्क गॅपमध्ये आणि तारांमध्ये जाते, त्यामुळे वाढ थोडी कमी येईल. जास्त आली, तर मापन पुन्हा तपासा. साध्या काचेच्या थर्मामीटरला अर्थिंगचा कोणताही दोष बाधत नाही. माझा गुंता याच रीतीने सुटला, आणि तुमचाही सुटेल, याची मला खात्री आहे.

एक गोष्ट मात्र कोणत्याही परिस्थितीत करू नका. स्कोप 'तरंगता' ठेवण्यासाठी त्याच्या प्लगची अर्थिंगची पिन काढून टाकण्याचा सल्ला अनेक ठिकाणी दिला जातो. त्यामुळे स्कोपचा धातूचा सांगाडा उच्च व्होल्टेजवर जाऊ शकतो, आणि त्याला हात लावणाऱ्याचा जीव जाऊ शकतो. तसेच मायक्रोवेव्ह ओव्हनमधला ट्रान्सफॉर्मर काढून त्यावर प्रयोग करू नका. त्याचे सुमारे २ किलोव्होल्ट आणि शेकडो मिलिअँपिअर प्राणघातक असतात. शेतकुंपणाच्या प्रमाणित झटका मशीनवर आंतरराष्ट्रीय मानकाने ५०० ओहमच्या भारात ५ जूलची मर्यादा घातली आहे. तुमच्या बाकावरचा कपॅसिटर त्याच्या दहापट ऊर्जा बाळगून असतो. आणि ऊर्जा काढून टाकलेल्या मोठ्या कपॅसिटरच्या टोकांवर काही वेळाने पुन्हा व्होल्टेज येते, कारण डायइलेक्ट्रिकमध्ये, म्हणजे कपॅसिटरच्या आतल्या विद्युतरोधक थरात, मुरलेला विद्युतभार (चार्ज) हळूहळू परततो. म्हणून वापरात नसलेल्या प्रत्येक कपॅसिटरची टोके तारेने जोडूनच ठेवावीत.

ही शिस्त मला भुसावळच्या रेल्वेतून निवृत्त झालेल्या एका अण्णांनी शिकवली. २५ किलोव्होल्टच्या ओव्हरहेड तारेखाली आयुष्य काढलेल्या त्या माणसाला माझे समीकरण वाचता येत नव्हते, पण डिस्चार्ज रॉड (उरलेला विद्युतभार अर्थिंगकडे काढून टाकणारा दांडा) लावल्याशिवाय ते कोणालाही यंत्राजवळ येऊ देत नसत. मार्गदर्शक निवडताना त्याची पदवी पाहण्यापेक्षा शॉटच्या वेळी तो खोलीत उभा राहतो का हे पाहावे, असे माझे ठाम मत आहे. तयार प्रकल्प विकणाऱ्या दुकानांविषयीचे माझे मत त्याहून कठोर आहे. तिथून आणलेल्या मंडलात ब्लीडर रोध (कपॅसिटरमधली ऊर्जा आपोआप काढून टाकणारा रोध) असेलच याची हमी नसते आणि तुमच्या हाताला काहीच शिकायला मिळत नाही. संगणकावरच्या सिम्युलेशनला माझा विरोध नाही, पण तारा आणि जोड यांचे भटके (नकळत येणारे) इंडक्टन्स तुम्ही स्वतः भरल्याशिवाय ते त्यात येत नाही, आणि या क्षेत्रात निर्णायक ठरते ते तेच.

खानदेशापुरती एक अडचण स्वतंत्रपणे सांगायला हवी. आपली काळी जमीन एप्रिल-मेमध्ये भेगाळते, अर्थिंगच्या खड्ड्यातला इलेक्ट्रोड मातीपासून सुटतो आणि पावसाळ्यात घेतलेले रोधाचे मापन तेव्हा लागू राहत नाही. खड्ड्यात पाणी घाला आणि दर महिन्याला मापन घ्या. मात्र जमिनीतली अर्थिंग सुरक्षिततेसाठी आहे हे विसरू नका. पल्सच्या मोजमापासाठी यंत्राखाली तांब्याचा किंवा ॲल्युमिनियमचा रुंद पत्रा अंथरा आणि सर्व जोड त्या एकाच पत्र्यावर, शक्य तितक्या जवळ आणा, कारण रुंद पत्र्याचे इंडक्टन्स तारेपेक्षा कितीतरी कमी असते.

मोजमाप पक्के झाले की पेटंटचा विचार करा, आणि तोवर यंत्र जाहीरपणे दाखवू नका. भारताच्या १९७० च्या पेटंट कायद्यात प्रदर्शनासाठी मिळणारी १२ महिन्यांची सवलत केंद्र सरकारने अधिसूचित केलेल्या प्रदर्शनांपुरती आहे. महाविद्यालयांच्या प्रकल्प स्पर्धेत यंत्र उघडे करून समजावून सांगितले, तर नवेपणाचा दावाच धोक्यात येतो. त्याच कायद्याचे कलम ३ प्रस्थापित नैसर्गिक नियमांच्या उघड विरुद्ध जाणारा दावा शोध मानत नाही, म्हणून साठवल्यापेक्षा जास्त ऊर्जा दाखवणारा अर्ज तिथेच संपतो. महाराष्ट्राचे अर्ज मुंबईच्या पेटंट कार्यालयाकडे जातात. ऑनलाइन अर्जाचे मूळ शुल्क स्वतःच्या नावाने अर्ज करणाऱ्या व्यक्तीला १,६०० रुपये आहे, त्यामुळे पैशाच्या भीतीने कोणी मागे राहू नये. आधी तात्पुरते विनिर्देश (शोधाचे लेखी वर्णन) दाखल करा. पूर्ण विनिर्देशासाठी त्यानंतर १२ महिने मिळतात, आणि २०२४ च्या नियमांनुसार तपासणीची विनंती ३१ महिन्यांच्या आत करावी लागते. त्या १२ महिन्यांत एक पावसाळा नक्की येतो, त्याचा उपयोग करून घ्या. ओल आणि धूळ मिळून इन्सुलेशनच्या पृष्ठभागावरची गळती वाढते, एप्रिलमध्ये निर्धोक चाललेले यंत्र जुलैत त्याच व्होल्टेजला कडेने ठिणग्या टाकू लागते, आणि ते थांबवण्यासाठी तुम्ही जो बदल कराल, तो पूर्ण विनिर्देशात वेगळा दावा म्हणून मांडण्याजोगा आहे का, हे एखाद्या पेटंट एजंटला नक्की विचारा.