डासांच्या अळ्यांचा नकाशा कसा काढावा

अळ्या सापडल्या तेवढ्याच जागा मांडल्या तर नकाशा निम्माच होतो. पाणी होतं पण अळ्या नव्हत्या, अशा जागाही टिपा. फरक कशाने पडला ते त्यांच्यावरूनच कळतं.

सोबत 350 मिलिलीटर मावणारा पांढरा डाव, पांढरा ट्रे, बॅटरी, थर्मामीटर, पीएच (पाण्याची आम्लता) मोजायच्या पट्ट्या आणि मोबाईल घ्या. पत्र्याखाली जीपीएस भरकटतं. अंगणात येऊन अचूकता 5 मीटरपर्यंत आली की नोंद करा, घर नंबरही लिहा.

बेळगावातल्या शहापूर, वडगावसारख्या दाट वस्तीत घरोघर फिरावं लागतं. नळाला रोज पाणी येत नसेल तर डेंग्यूचा एडिस आधी बॅरल आणि हौदात शोधा. फ्रिजमागचा ट्रे, टायर, गुरांची डोण, करवंट्याही बघा. सावली पडली की अळ्या तळाला जातात, म्हणून झाकण काढून दोन-तीन मिनिटं थांबा. मग डाव तिरका धरून काठाकाठाने 10 वेळा बुडवा आणि दर वेळी किती अळ्या आल्या ते लिहा. पृष्ठभागाला समांतर पडून राहते ती ॲनोफेलीस, म्हणजे मलेरियाच्या डासाची. डोकं खाली करून लटकत असेल तर शेपटाकडची श्वासनळी बघा: आखूड आणि जाड असली तर एडिस, लांब असली तर क्युलेक्स. गटारात आणि सेप्टिक टाकीत बहुतेक क्युलेक्सच.

शिवारात नुसतं 'भात' लिहून भागत नाही. लावणीनंतर रोप बुटकं असताना पाण्यावर ऊन येतं, ते ॲनोफेलीसला मानवतं. रोप वाढून सावली धरली की डासांच्या जाती बदलतात. तेव्हा रोपाची उंची नोंदवा. खानापूरकडच्या ओढ्यांतल्या अळ्या भर पावसात वाहून जातात. तिथली फेरी पाऊस ओसरल्यावर, डबकी साचली की करा.

प्रत्येक जागी ऊन-सावली, शेवाळ-गवत, पाणी वाहतं की साचलेलं, गढूळपणा, पीएच लिहा. तापमान पृष्ठभागालगत घ्या, वेळेसकट. सकाळचा आणि दुपारचा आकडा शेजारी ठेवून काही कळत नाही.

क्यूजीआयएस या नकाशे काढायच्या सॉफ्टवेअरमध्ये एक्सच्या रकान्यात रेखांश (बेळगावला साधारण 74.5), वायमध्ये अक्षांश (15.85). उलटं झालं तर बेळगाव नॉर्वेच्या उत्तरेला समुद्रात जाऊन पडतं! गावाचं नाव मराठी आणि कन्नड वळणाने दोन तऱ्हांनी लिहिलं तर एकाच गावाची दोन गावं होतात, म्हणून गावाला क्रमांक द्या. ब्रेटो निर्देशांक म्हणजे 100 घरांमागे अळ्या असलेली भांडी: 60 घरांत 9 भांडी, तर 15.

अंड्यापासून डास व्हायला उन्हाळी हवेत 7 ते 10 दिवस लागतात, तेव्हा फेरी आठवड्याने. रिकामा हौद यादीतून काढू नका. एडिसची अंडी कोरड्या भिंतीवर महिनोन्‌महिने टिकतात. 'कोरडा' लिहा, आणि आतला काठ घासला होता की नाही, तेही.