आगोटीत पुस्तकं पण भरा: पावसाळ्यात वाचायला काय घ्यायचं आणि आपल्याला काय आवडतं ते कसं शोधायचं

मे संपत आला की आपल्याकडे कोकणात घराघरात आगोटीची, म्हणजे पावसाळ्याच्या बेगमीची धावपळ सुरू होते, सुकी मच्छी, कांदे, मीठ, लाकडं, पडवीला ताडपत्री. मग पाऊस लागतो, १ जूनपासून बोटी किनाऱ्याला, लावणी उरकली की दिवस पण मोकळा आणि संध्याकाळ तर केवढी लांब. लाईट असली तर टीव्ही आणि नसली तर नुसतं बसून राहायचं. त्या आगोटीच्या यादीत चार पुस्तकं पण घाला असं मी भेटेल त्याला सांगतो. पण ती चार कुठली? तर कुणाच्या 'आयुष्यात वाचलीच पाहिजेत' वाल्या यादीतली नकोत. शाळा संपल्यावर पुस्तक हातात न घेतलेली कितीतरी माणसं आहेत आपल्याकडे, त्यांना वाचन आवडत नाही असं नाहीये, त्यांना त्यांचा प्रकार कधी सापडलाच नाही. तो शोधता येतो, त्यासाठीच हे लिहितोय.

सुरुवात दिवाळी अंकापासून करा, आणि तो पण मागच्या वर्षीचा किंवा त्याच्याही आधीचा. १९०९ साली 'मनोरंजन'ने दिवाळी अंक काढला तेव्हापासून ही पद्धत चालू आहे, आणि एकाच अंकात कथा, प्रवासवर्णन, कविता, व्यक्तिचित्र, एखादा राजकारणावरचा मोठा लेख, विनोदी काहीतरी, सगळं मिळतं. वाचनालयात जुने अंक कपाटात पडून असतात, कुणी मागत नाही, दोन-तीन घेऊन या. वाचताना पहिल्या पानापासून जायचं नाही, अनुक्रमणिका उघडायची आणि मन जिथे जाईल तिथून सुरू करायचं. आणि हातात पेन्सिल ठेवा, जे शेवटपर्यंत वाचलं त्याच्यापुढे अनुक्रमणिकेत बारीक टिंब (अंक वाचनालयाचा असेल तर वेगळ्या कागदावर लिहा). तीन अंक झाले की ती टिंबं बघा. सगळी कथांपुढे आहेत का, की खऱ्या माणसांवरच्या लेखांपुढे, की भुताखेताच्या गोष्टीपुढे? आपल्याला काय आवडतं याचं उत्तर तिथे असतं, आणि बऱ्याचदा आपण समजत होतो त्यापेक्षा वेगळं निघतं. कादंबऱ्याच आवडतात म्हणणाऱ्या माणसाची सगळी टिंबं प्रवासवर्णनापुढे असतात.

वाचनालयात गेल्यावर

आपल्या पट्ट्यात वाचनालयांची कमी नाही. रत्नागिरीचं जिल्हा नगर वाचनालय १८२८ सालचं, चिपळूणचं लोकमान्य टिळक स्मारक वाचन मंदिर १८६४ चं, आणि गावोगावी सरकारमान्य अ, ब, क, ड वर्गातली छोटी ग्रंथालयं आहेतच. डिपॉझिट आणि महिन्याची वर्गणी बहुतेक ठिकाणी परवडण्यासारखी असते. तिथे गेल्यावर पुस्तक उचललं की मागचं पान उघडा. तिथे तारखांचे शिक्के मारलेला कागद चिकटवलेला असतो. ज्या पुस्तकाचा कागद भरून त्याच्यावर दुसरा चिकटवलाय, ते पुस्तक तुमच्या गावातल्या माणसांनी खरंच घरी नेऊन वाचलंय. कोपरे मऊ झालेले, पाठीला खाकी पट्टी, मध्येच कुणीतरी पानाचा कान दुमडलेला. अशा पुस्तकावर मी कुठल्याही परीक्षणापेक्षा जास्त भरवसा ठेवतो. मग मधलं कुठलंही एक पान उभ्या उभ्या वाचा, पहिलं नाही कारण पहिल्या पानावर प्रत्येक लेखक मेहनत घेतोच, मधल्या पानावर तो तुम्हाला कसा सांभाळतो ते बघायचं. ते पान संपल्यावर पुढचं उलटावंसं वाटलं तर घ्या.

आणि घरी आणून तीस-चाळीस पानं झाली तरी मन लागत नसेल तर सोडा, बिनधास्त सोडा, परीक्षा नाहीये ही. पण वहीत नाव लिहून ठेवा, कारण जे पुस्तक तिशीत जमत नाही ते पन्नाशीत जमतं.

कुठल्या माणसाला काय

आता थोडं नावं घेऊन सांगतो, मुद्दाम आपल्याच मातीतली, कारण ज्या खाडीवरून आपली एस्टी जाते तीच खाडी पुस्तकात आली की वाचायचा वेग आपोआप वाढतो.

मोठी, भरपूर माणसांची गोष्ट आवडत असेल तर श्री. ना. पेंडसे. दापोली तालुक्यातल्या मुर्डीचे. पण थेट 'तुंबाडचे खोत'वर उडी मारू नका, ती दोन खंडांची कादंबरी आहे, जगबुडी नदीच्या काठावरच्या खोतांच्या कितीतरी पिढ्या त्यात येतात. आधी 'गारंबीचा बापू' घ्या, १९५२ ची, छोटी आहे, बापूसारखा हट्टी माणूस एकदा भेटला की पेंडशांची भाषा अंगवळणी पडते. मग 'रथचक्र', आणि जुलैचा संततधार पाऊस लागला की 'तुंबाडचे खोत'. ती वाचताना एक करा, वहीचा कोरा कागद घेऊन त्यावर खोतांची वंशावळ काढत जा, कोण कुणाचा मुलगा, कुणाचं लग्न कुठे, आणि तोच कागद खूण म्हणून पुस्तकात ठेवा. नावं विसरली म्हणून कादंबरी अर्धी टाकणारे खूप आहेत, या कागदाने ते होत नाही, आणि दुसरा खंड येईपर्यंत कागद दोन्ही बाजूंनी भरलेला असतो.

हसायला आवडतं आणि एका बैठकीत फार वाचवत नाही, अशांनी जयवंत दळवींचं 'सारे प्रवासी घडीचे' घ्यावं. दळवी आरवलीचे, आणि पुस्तकात सगळी गावची माणसं. एकेक प्रकरण सुटं वाचता येतं म्हणून प्रवासात एकदम बेस्ट, वेंगुर्ल्याहून सावंतवाडीला जाईस्तोवर एखादं प्रकरण आरामात होतं. हसता हसता मध्येच गळा दाटतो, तेवढी तयारी ठेवा. त्याच्या जोडीला पु. लं.च्या 'व्यक्ती आणि वल्ली'तला रत्नागिरीचा अंतू बर्वा, तो माहीत नसलेला माणूस विरळा, पण कॅसेटवर ऐकलेला आणि पुस्तकात वाचलेला यात फरक आहे, वाचताना थांबता येतं.

भाषेसाठी वाचणारे असतात, ज्यांना गोष्टीपेक्षा बोलणं आवडतं. त्यांना गो. नी. दांडेकरांची 'पडघवली'. सगळी गोष्ट अंबावहिनीच्या तोंडून येते आणि एक गाव हळूहळू ओस पडत जातं. ज्यांच्या वाडीतल्या निम्म्या घरांना कुलूप आहे त्यांना ही फार जवळची वाटेल. घरात आजी असेल तर तिला मोठ्याने वाचून दाखवा, ती मध्ये मध्ये तिच्या आठवणी घालते आणि पुस्तक दुप्पट होतं.

गूढ, काळोखं, मनाच्या तळाशी जाणारं हवं असेल तर चिं. त्र्यं. खानोलकर, म्हणजेच कवी आरती प्रभू. 'रात्र काळी घागर काळी', 'कोंडुरा'. हे वाचायला सोपं नाही आणि सगळ्यांनी वाचावं असंही मी म्हणणार नाही, पण ज्याला ते लागू पडतं त्याला दुसरं काही पुरत नाही. नुसती भीती आणि थरार हवा असेल तर नारायण धारप, रत्नाकर मतकरींच्या गूढकथा. आणि झटपट रहस्यकथा हवी असेल तर बाबूराव अर्नाळकर, त्यांनी हजारावर रहस्यकथा लिहिल्यात त्यामुळे संपायची काळजी नाही. अशा पुस्तकांना कमी लेखू नका, माझ्या ओळखीचे जेवढे पट्टीचे वाचणारे आहेत त्यातले निम्मे रहस्यकथांवरच वाढलेत.

खरं घडलेलंच वाचायचं, कल्पना नको, असं म्हणणाऱ्यांसाठी एकच नाव पुरे. विष्णुभट गोडसे यांचं 'माझा प्रवास'. पेणजवळच्या वरसईचे हे भिक्षुक दक्षिणा मिळवायला उत्तरेत गेले आणि १८५७ च्या धामधुमीत सापडले, झाशी पडताना ते तिथे होते. पुस्तक छापलं गेलं १९०७ साली. इतिहासाच्या पुस्तकात लढाई असते, इथे लढाईत सापडलेल्या साध्या माणसाला पाणी कुठून मिळालं, गाठीचे पैसे कसे गेले ते असतं. भाषा जुनी आहे, पहिली दहा पानं हळू जातील, मग सुटते.

कविता सलग वाचू नका. रोज एक, मोठ्याने, ओटीवर बसून. वेंगुर्ल्याचे पाडगावकर, देवगडकडचे विंदा, हे मोठ्याने वाचल्यावरच खुलतात. मालगुंडला केशवसुतांच्या घरी स्मारक आहे, गणपतीपुळ्याहून अगदी जवळ, कवितेची गोडी लावायची असेल तर मुलांना एकदा तिथे न्या.

डोळ्यांचा त्रास असेल किंवा हात कामात असतील तर ऑडिओबुक घ्या, फक्त बाजारात रेंज आहे तोवर डाऊनलोड करून ठेवा, वाडीत पावसात नेटवर्कचा भरवसा नाही. आणि लेखक जाऊन साठ वर्षं झाली की पुस्तकं सगळ्यांसाठी खुली होतात, अशी बरीच जुनी मराठी पुस्तकं विकिस्रोतवर फुकट वाचायला मिळतात.

पुस्तकं सादळू नयेत म्हणून

हे सांगितल्याशिवाय कोकणात पुस्तकाचं बोलूच नये. हवेतला ओलावा ६५-७० टक्क्यांच्या वर राहिला की कागदाला बुरशी धरते आणि जुलैत आपल्याकडे तो ८५-९० च्या घरात असतो. म्हणून कपाट बाहेरच्या भिंतीला टेकवून ठेवायचं नाही, चार बोटं जागा सोडा. खालचा कप्पा रिकामा, वाळवी आधी तिथे लागते. पुस्तकं ठासून भरू नका, हवा खेळली पाहिजे, आणि प्लास्टिकच्या पिशवीत घट्ट बांधून चार महिने ठेवू नका, आत घाम येतो. आठवड्यातून एकदा कपाट उघडून पानं फरफर चाळली की कसर पण दिसते आणि कोंदट वासही जातो. पुस्तक भिजलंच तर उन्हात किंवा चुलीजवळ नको, पानं वेडीवाकडी होतात. उभं करून पंख्याखाली ठेवा, मध्ये मध्ये कोरे कागद घाला आणि ओले झाले की बदला. पहिल्या दिवस-दोन दिवसातच करा, नंतर बुरशी धरली की फार अवघड. बुरशी आलेलं पुस्तक बाकीच्यांपासून लगेच वेगळं करायचं, पूर्ण वाळवायचं आणि मग घराबाहेर तोंडाला रुमाल बांधून मऊ ब्रशने झटकायचं. २०२१ च्या जुलैत चिपळूणला पूर आला तेव्हा तिथल्या वाचन मंदिरातल्या पुस्तकांचं केवढं नुकसान झालं. ज्यांची घरं नदीकाठी आहेत त्यांनी पुस्तकं माळ्यावर नाहीतर वरच्या फळीवरच ठेवावीत, हे मी मनापासून सांगतो.

श्रावणापर्यंत चार पुस्तकं संपतातच. तोवर तुमचा प्रकार तुम्हाला कळलेला असतो, मग नारळी पौर्णिमेच्या सुमारास नवीन यादी करा आणि गणपतीला येणाऱ्या चाकरमान्यांना व्हॉट्सअपवर टाका, दादर-गिरगावात त्यांना सगळं मिळतं. यादीत पुस्तकाचं नाव, लेखक आणि प्रकाशन तिन्ही लिहा, आणि 'तुंबाडचे खोत' असेल तर पुढे 'दोन्ही खंड' असं ठळक लिहा, नायतर गाडीच्या गर्दीतून पहिलाच तेवढा येतो आणि दुसऱ्यासाठी शिमग्यापर्यंत थांबावं लागतं.