युनियनची निवडणूक: प्रचाराच्या भांडणांची तयारी अर्ज सुटण्याआधी

कमिटीची मुदत संपत आली की पॅनलं ठरतात, बॅनर छापून येतात, ढाब्यावरच्या बैठका सुरू होतात. प्रचारावरून तक्रार झाली तर ती ऐकायची कोणी, हे मात्र तक्रार आल्यावर शोधलं जातं. तोवर जो तो कुठल्या ना कुठल्या पॅनलचा झालेला असतो.

तेव्हा सगळ्यात आधी युनियनची घटना, म्हणजे नियमावली, बाहेर काढा. कपाटातली अर्धी झेरॉक्स चालणार नाही, निबंधकांकडे नोंदलेली, सगळ्या दुरुस्त्यांसह हवी. पदाधिकारी कसे निवडायचे हे त्यात असतं, कारण कायद्यानेच ते असावं लागतं. प्रचार कसा करायचा यावर मात्र कायदा गप्प आहे आणि बहुतेक घटनाही. ती जागा सर्वसाधारण सभेत ठराव करून भरून घ्या, तोही अर्ज सुटण्याआधी. अर्ज भरून झाल्यावर केलेला नियम कोणाला तरी पाडण्यासाठीच केला, असं बोललं जातं, आणि पुष्कळदा ते खरंही असतं.

त्याच सभेत निवडणूक अधिकारी नेमा आणि तिघांची तक्रार समितीही. उमेदवार, सूचक, अनुमोदक यांपैकी कोणी त्यात नको. रिटायर झालेले जुने सभासद या कामाला बरे, त्यांना ना पद हवं असतं ना ओव्हरटाइम. युनियनच्या सल्लागार वकिलांना समितीत घेऊ नका. माणूस कितीही सरळ असला तरी त्यांची फी चालू कमिटी देते.

मतदार यादीचं काम कंटाळवाणं पण लवकर उरकणारं आहे. वर्गणीच्या पावत्यांशी यादी ताडून घ्या, हरकतींची शेवटची तारीख लावा आणि अंतिम प्रत सगळ्या पॅनलना एकाच दिवशी, सही घेऊन द्या. सभासदांची यादी आणि हिशेबाची वह्या-पुस्तकं सभासदाला पाहता येतात, तेव्हा ‘दाखवत नाही’ हे उत्तर देण्याची सोय नाही.

खरा वेळ द्यायचा तो पैशावर. १९९६ मध्ये अमेरिकेतल्या टीमस्टर्स या ट्रकचालकांच्या मोठ्या युनियनचे अध्यक्ष रॉन केरी थोडक्या फरकाने पुन्हा निवडून आले. युनियनचाच पैसा फिरून त्यांच्या प्रचारात आल्याचं निघालं, १९९७ मध्ये ती निवडणूक रद्द झाली आणि फेरनिवडणुकीत उभं राहायला त्यांना मनाई झाली. आपल्याकडे एवढ्या मोठ्या रकमा नसतात, प्रकार तोच असतो. युनियन ऑफिसचा प्रिंटर, गेट मीटिंगचा स्पीकर, गाडीचं पेट्रोल, आणि ऐन प्रचारात ‘ऐतिहासिक करार’ म्हणून सरचिटणीसांच्या फोटोसह लागलेला अभिनंदनाचा फलक. यातल्या प्रत्येक गोष्टीसाठी एकच नियम लिहून ठेवा: मिळालं तर सगळ्या पॅनलना, नाहीतर कोणालाच नाही.

मॅनेजमेंटची बाजू वेगळ्या फायलीत ठेवा. एका पॅनलच्या माणसांना प्रचारासाठी लाइनवरून सोडलं जातं आणि दुसऱ्याच्या माणसाला पाच मिनिटं उशीर झाला की मेमो मिळतो, हे नेहमीचं आहे. मालकाने युनियनच्या कारभारात ढवळाढवळ करणं ही कायद्याने अनुचित कामगार प्रथा आहे. पण ‘साहेबांचा त्यांना पाठिंबा आहे’ या वाक्याने काही सिद्ध होत नाही. मेमोची प्रत, गेटपास, हजेरीची नोंद हे त्याच आठवड्यात गोळा करा. नंतर टाइम ऑफिस तुम्हाला ओळखही दाखवणार नाही.

पत्रकांचा नियम असा करा की प्रत्येक पत्रकावर छापणाऱ्याचं आणि काढणाऱ्याचं नाव हवं. भाषा फार चाळू नका. ‘या कमिटीने कामगार विकला’ ही टीका आहे, ती सहन करायची. ‘अमुक खजिनदाराने वेल्फेअर फंडातले पैसे काढून घराचा हप्ता भरला’ हा आरोप आहे. त्याला कागद लागतो. नसेल तर ज्या बोर्डावर पत्रक लागलं, त्याच बोर्डावर खुलासा लागला पाहिजे. जात, गाव, कायम विरुद्ध कंत्राटी असा विषय काढून केलेला प्रचार मात्र पहिल्याच तक्रारीवर थांबवा, तिथे खुलासा पुरत नाही.

तक्रारीसाठी एक पानी नमुना टाइप करून ठेवा: काय झालं, कुठे, कुठल्या शिफ्टला, कोणी पाहिलं, काय हवं आहे. ‘विरोधक दहशत माजवत आहेत’ या तक्रारीवर समिती काहीच करू शकत नाही. ‘मंगळवारी सेकंड शिफ्ट सुटताना पेंट शॉपच्या पार्किंगमध्ये दोघांनी आमची पत्रकं हिसकावली, साक्षीदार हे दोन’ यावर करू शकते. व्हॉट्सॲपचा स्क्रीनशॉट ग्रुपचं नाव, नंबर आणि तारीख दिसेल असा घ्या, आणि मूळ मेसेज फोनवर राहू द्या. प्रकार घडल्यापासून दोन दिवसांत तक्रार, पुढच्या दोन दिवसांत लेखी निर्णय, अशी मुदत पुरते.

मतदानानंतर तक्रार आली तर मतांचा फरक बघा. अमेरिकेच्या १९५९ च्या युनियनविषयक कायद्यात कसोटी अशी आहे की नियमभंगाचा निकालावर परिणाम झालेला असू शकतो का. ती आपल्या ठरावात घ्यायला हरकत नाही. तीन मतांनी पडलेल्याची आणि तीनशे मतांनी पडलेल्याची तक्रार मग एकाच तागडीत पडत नाही. मतपत्रिका सील करून, सगळ्या पॅनलच्या सह्या घेऊन वर्षभर ठेवा.

एवढं करूनही मिटलं नाही, तर २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या औद्योगिक संबंध संहितेच्या कलम २२ प्रमाणे सभासदाला पदाधिकाऱ्यांच्या निवडणुकीचा वाद औद्योगिक न्यायाधिकरणाकडे नेता येतो. दिवाणी कोर्टात जाऊन उपयोग नाही. ठराव, अंतिम यादी, तक्रारी आणि त्यांवरचे निर्णय, सगळं तारीखवार लावलेली एक फाइल तेव्हा हाताशी असली पाहिजे. आणि त्या दाव्यात वकिलाची फी युनियनच्या फंडातून कोणासाठी द्यायची आणि कोणी स्वतःच्या खिशातून भरायची, हेही पहिल्याच सभेच्या ठरावात घाला.