मर्सिडीज-बीएमडब्ल्यूची सर्व्हिस: कंपनीत की बाहेर? या चुका टाळा

वॉरंटी संपली की गाडी कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला न्यायची की बाहेरच्या गॅरेजला, हा प्रश्न पडतो. पहिली चूक त्या प्रश्नातच आहे. अख्खी गाडी एकाच दारात बांधायची गरज नसते. काम बघून जागा ठरवायची. चावीचं प्रोग्रॅमिंग, सॉफ्टवेअर अपडेट, एअरबॅगचं रिकॉल (बनावटीतल्या दोषामुळे कंपनीने दुरुस्तीला परत बोलावणं) ही कामं कंपनीतच करा. रिकॉलचे पैसे लागत नाहीत, गाडी तिसऱ्या मालकाकडे असली तरी. चासी नंबर देऊन काही बाकी आहे का, एवढं विचारायचं. ऑइल, ब्रेक, सस्पेन्शनचे आर्म आणि बुश, गळती ही कामं मात्र त्याच ब्रँडच्या गाड्या रोज उघडणारा बाहेरचा स्पेशालिस्टही उत्तम करतो.

‘बाहेर हात लावला की वॉरंटी गेली’ हे सरसकट खरं नाही. भारतीय स्पर्धा आयोगाने २०१४ साली १४ कार कंपन्यांना दंड ठोठावला, तेव्हा बाहेरच्या चुकीच्या कामामुळे जेवढं नुकसान झालं तेवढ्यापुरतीच वॉरंटी नाकारता येईल, असं म्हटलं होतं. पण प्रकरण पुढे कोर्टात गेलं. त्यामुळे काउंटरवर हा आदेश दाखवून भांडण्यापेक्षा वॉरंटी असेपर्यंत कंपनीतच जाणं शहाणपणाचं.

ऑइलमध्ये सर्वात जास्त घोळ होतो. डब्यावर ५डब्ल्यू-३० लिहिलंय म्हणजे झालं, असं बऱ्याच गॅरेजवाल्यांना वाटतं. तो फक्त पातळ-घट्टपणा झाला. डीपीएफ, म्हणजे धुरातली काजळी अडवणारा फिल्टर, असलेल्या डिझेल गाडीला कमी राखेचं ऑइल लागतं. मर्सिडीजला एमबी २२९.५१ किंवा २२९.५२, बीएमडब्ल्यूला लाँगलाइफ-०४, ऑडीला ५०७ ०० हा शिक्का डब्याच्या मागच्या बाजूला शोधा आणि मॅन्युअलशी ताडून पाहा. डीपीएफमधली काजळी रीजनरेशनला, म्हणजे फिल्टर तापून स्वतःला साफ करतो तेव्हा, जळून जाते, ऑइलची राख मात्र जळत नाही; ती साचत राहते आणि शेवटी फिल्टरच बदलायची वेळ येते. मापही माहीत असू द्या. बीएमडब्ल्यूच्या एन४७ डिझेल इंजिनला ५.२ लिटर लागतं, मर्सिडीजच्या ओएम६५१ डिझेल इंजिनला ६.५. सीलबंद डबे समोर फोडायला सांगा आणि उरलेलं ऑइल डिकीत ठेवून घ्या, त्याचे पैसे तुम्हीच भरलेत.

गिअरबॉक्सच्या बाबतीत दोन्हीकडे चुकतं. बीएमडब्ल्यू, जग्वार, लँड रोव्हरमध्ये झेडएफचा ८ स्पीडचा ऑटोमॅटिक येतो. सर्व्हिस ॲडव्हायझर म्हणतो, ‘ऑइल लाइफटाइम आहे, हात लावू नका.’ गिअरबॉक्स बनवणारी झेडएफ मात्र ८०,००० ते १,२०,००० किमी किंवा ८ वर्षांनी बदला म्हणते. बाहेर हे काम आनंदाने करतात, पण कसं? यात फिल्टर प्लास्टिकच्या पॅनमध्येच (गिअरबॉक्सच्या तळाच्या ट्रेमध्ये) असतो, म्हणून पॅन बोल्टसकट नवा बसवायचा. ऑइल भरून इंजिन चालू ठेवायचं, सगळे गिअर फिरवायचे, मग तेलाचं तापमान ३० ते ५० अंशांत असताना भरायच्या भोकातून बारीक धार ओघळली की बूच लावायचं. तापमान स्कॅनरवरच, म्हणजे गाडीच्या कॉम्प्युटरला जोडायच्या यंत्रावरच, दिसतं. जो मिस्त्री ‘जुनं जेवढं निघालं तेवढं नवं टाकतो’ म्हणेल, त्याच्याकडून हे काम करून घेऊ नका. आधीच कमी असेल तर पुन्हा कमीच भरलं जाईल, आणि गिअर पडताना झटके सुरू होतील.

गॅरेज पारखायला फोनवर दोनच प्रश्न पुरतात. बीएमडब्ल्यूची बॅटरी बदलल्यावर ती गाडीच्या कॉम्प्युटरमध्ये रजिस्टर करता का? केली नाही तर गाडी नव्या बॅटरीला जुनी समजूनच चार्ज करते, आणि महागडी बॅटरी वेळेआधी मरते. दुसरा प्रश्न, इलेक्ट्रिक पार्किंग ब्रेकच्या गाडीचे मागचे पॅड कसे बदलता? उत्तर ‘स्कॅनरने सर्व्हिस मोडला टाकून’ असंच हवं. क्लॅम्पने पिस्टन दामटला तर ब्रेकच्या कॅलिपरवरच्या मोटरची यंत्रणा तुटू शकते.

गाडी देताना भरायच्या जॉब कार्डावर इलाज लिहू नका, लक्षण लिहा. ‘सेन्सर बदला’ लिहिलंत तर सेन्सर बदलला जाईल आणि आजार तसाच राहील. ‘सकाळी थंड इंजिन, ४० च्या वेगाला झटका’ हे कामाचं.

बाहेरचं सगळं ड्युप्लिकेट, ही समजूतही सोडा. कंपनीच्या डब्यातला फिल्टर अनेकदा मान किंवा माहले या पार्ट बनवणाऱ्या कंपन्यांचा असतो, सस्पेन्शनचा आर्म लेमफर्डर कंपनीचा. तोच माल लोगोशिवाय स्वस्त पडतो. मात्र स्वस्ताच्या नादात निम्मं काम करू नका. बीएमडब्ल्यूच्या बऱ्याच पेट्रोल इंजिनांवर व्हॉल्व्ह कव्हर, म्हणजे इंजिनवरचं झाकण, प्लास्टिकचं असतं, उष्णतेने ते वाकतं. गरम एक्झॉस्टवर ऑइल ठिबकून जळका वास येतो. वाकलेल्या कव्हरला नुसतं नवं पॅकिंग लावलं तर काही महिन्यांत पुन्हा गळतं. इथे कंपनीने अख्खं कव्हर सुचवलं तर ती लूट नव्हे. बाहेरच्याने पॅकिंगवर भागेल म्हटलं तर कव्हर सपाट पाट्यावर ठेवून दाखवायला सांगा.

बिल जीएसटीचंच घ्या, त्यावर पार्ट नंबर, ऑइलचा ग्रेड आणि किलोमीटर लिहून घ्या. बाहेर केलेली सर्व्हिस कंपनीच्या ऑनलाइन नोंदीत आपोआप चढत नाही, आणि गाडी विकताना घेणारा आधी तीच नोंद उघडतो.